रडणारं लेकरू बरं

१४ जुलै

नकार आला.

दुपारी ड्युटीवरून येऊन पाय धुत होतो, तेवढ्यात पुंजाराम मामांचा फोन. मामा आधी इकडचं तिकडचं बोलले — आईचे गुडघे कसे, तिकडं पाऊस कसा. मंग म्हणले, "सोमेश्वर, ते जाफराबादवाले न्हाई म्हणून राह्यले." कारण सांगेनात. खोदून विचारलं तेव्हा कुठं बोलले. मुलीचे वडील बद्रीनाथराव म्हणले म्हणे — "लोकांच्या लेकरांचे दुपटे बदलणारा जावई मला न्हाई पाहिजे. गावात काय सांगू?"

दुपटे.

चार वर्षं नर्सिंग शिकलो. दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालतो. लेकरू दारातून आत येताना त्याला दम किती लागलाय ते ओळखतो. सगळं मिळून काय, तर दुपटे.

जूनमधी मुलगी पाह्यला गेल्तो. मामांनी गाडीत बजावलं होतं, ब्रदर म्हणू नको, नुसतं दवाखान्यात स्टाफ म्हण. मी सरळ सांगितलं — जालन्यात लेकरांच्या दवाखान्यात नर्स आहे. बद्रीनाथरावांनी चहाचा कप खाली ठेवला तो परत उचलला न्हाई. मंग रीत म्हणून मुलीला म्हणले, तुला काही विचारायचं तर विचार. आकांक्षा तिचं नाव. ती म्हणली, "लहान लेकरू बोलत न्हाई. मंग त्याला काय होतंय ते कसं कळतं?" सगळे हसले. मी उत्तर द्यायला गेलो तर बद्रीनाथराव म्हणले, "आकांक्षा, कप उचल."

मला वाटलं होतं जमलं. त्या एका प्रश्नावरून वाटलं होतं.

आईनं संध्याकाळी पिठलं केलं, मला आवडतं म्हणून. 

१५ जुलै

एका पोरानं माझ्या अंगावर सगळं दूध ओकलं. शर्ट धुवायला गेलो आणि नळ चालू ठेवून नुसताच उभा राह्यलो. मैमूना सिस्टर आल्या, नळ बंद केला आणि गेल्या. यांना कोणी सांगितलं काय माहीत.

२१ जुलै

आज परत तेच. एक म्हातारबाबा नातीला घेऊन आले. मला बघून दारातच थांबले. "बाई न्हाई का कोणी?" म्हणलं, आहेत बाबा, पण त्या आत सुई लावून राह्यल्या, मी बघतो. तर म्हणले, "थांबतो मंग." नातीला ताप, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. आणि हे थांबतो म्हणतात. बाबांशी बोलत बोलत तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सावकाश खाली बसली. पाणी कमी झालेलं. वाटीचमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं तेव्हा वाटीच ओढायला लागली. बाबा म्हणले, "बराबर आहे, तहानली होती." जसं काही त्यांनीच ओळखलं.

नवीन पोरी कामाला आल्यात, त्यांना शिकवायचं काम मॅडमनी माझ्याकडं दिलंय. डॉक्टर तृप्ती मॅडमचा दवाखाना हा, त्या म्हणतील तसं. मी पोरींना सांगतो — हात लावायच्या आधी बघा. लेकरू आईच्या मांडीवर असतानाच. आपल्याकडं बघतं का, आईला ओळखतं का, ओठांचा रंग कसा, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का. श्वास मोजायचा तो गप असताना. कान, घसा, सुई, जे जे दुखतं ते शेवटी. एकदा रडवलं की मंग खरं काही कळत न्हाई. पोरी मान हलवतात. मागं जाऊन माझी नक्कल करतात. ऐकली मी.

दाजी म्हणतात, एमआयडीसीत ये, रोलिंग मिलमधी सुपरवायझर करतो. लोखंडवाल्याला पोरी मिळतात म्हणे.

९ ऑगस्ट

ताई राखीला आल्ती. एक स्थळ घेऊन आल्ती. बोलता बोलता म्हणली, "आपण दवाखान्यात मॅनेजर सांगितलं तर?" म्हणलं, मॅनेजर कशाला, डॉक्टरच सांग ना. ती रडली. राखी बांधली आणि चारच्या गाडीनं गेली.

सगळा राग तिच्यावर काढला. तिचा काय दोष.

१८ ऑगस्ट

काय नशीब आहे पहा.

सकाळी जिन्यावर गलका. दार उघडलं तर पुढं बद्रीनाथराव, मागं त्यांची म्हातारी आई गोजरबाई, मोठी लेक अर्पिता आणि तिच्या कडेवर लेकरू. सगळ्यात मागं पिशव्या घेऊन आकांक्षा. बद्रीनाथरावांनी मला पाह्यलं. ओळखलं. आणि भिंतीकडं बघून म्हणले, "डॉक्टर कुठंय?"

लेकरू अकरा महिन्यांचं, मुलगा. खोकला, ताप, नाकपुड्या फुलताहेत, छाती भात्यासारखी. न्यूमोनिया. पण रडून राह्यलं होतं भिंती हादरतील असं, आईचा पदर सोडत न्हाई, माझ्याकडं रागानं बघतं. मला आतून हायसं वाटलं. मॅडमनी तपासलं, ऑक्सिजन आणि सुई सांगितली.

गोजरबाई म्हणली, "बाप्या माणसाला लेकराच्या अंगाला हात लावू द्यायचा? बाई बोलवा की." अर्पिता म्हणली, आजी गप बस. मी सुई घेतली. मनात होतं, बघाच आता. पहिल्या टोचण्याला शीर फुटली. दुसऱ्यांदा परत फुटली. बद्रीनाथराव वरून बघत होते. मैमूना सिस्टरनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि एका झटक्यात सुई बसवली.

गोजरबाई म्हणली, "म्हणलं न्हाई का मी."

सबंध दिवस ते वाक्य कानात.

१९ ऑगस्ट

स्पेशल रूम रिकामी न्हाई म्हणून बद्रीनाथराव चिडलेले. वॉर्डातच खिडकीजवळची खाट दिली. त्यांनी कुण्या पुढाऱ्याला फोन लावला, पुढाऱ्यानं मॅडमना. मॅडम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणल्या, "सोमेश्वर, त्या खिडकीच्या खाटेकडं जरा लक्ष राहू दे." जरा म्हणजे किती, ते मला कळतं.

शेजारच्या खाटेवर काल संध्याकाळी घनसावंगीहून मदीहा नावाची बाई आलीय. एकटीच. दीड महिन्याची मुलगी, नाक थोडं गळतं, दूध कमी पिते. नवरा ट्रकवर, गुजरातला. मॅडमनी सकाळी बघितलं, छाती साफ आहे म्हणल्या, एक दिवस नजरेखाली ठेवू.

मी अर्पिताच्या लेकराचा शर्ट वर करून श्वास मोजत होतो. आकांक्षा खाटेच्या पलीकडं उभी. म्हणली, "शर्ट कशाला वर करता? कापडावरून कळत न्हाई का?" मी म्हणलो, "न्हाई कळत." एवढंच. थोड्या वेळानं परत — "सारखा रडतो. जास्त झालंय का?" मी मान वर न करता म्हणलो, "रडणारं लेकरू बरं. अंगात ताकद आहे म्हणून रडतं. गप पडलं तर भ्यायचं." आवाज मुद्दाम कोरडा ठेवला. तिनं मान हलवली. बद्रीनाथराव म्हणले, "आकांक्षा, इकडं ये. त्यांना काम करू दे."

त्यांना. नाव घ्यायचं न्हाई, ब्रदर म्हणायचं न्हाई. त्यांना.

२० ऑगस्ट

आजच लिहितो. न्हाई लिहिलं तर उद्या मीच वेगळं सांगायला लागेन.

दुपारची गोष्ट. अर्पिताच्या पोरानं हातातली सुई ओढून काढली. रक्त, आरडाओरडा. सगळं घर खाटेभोवती. जाफराबादहून अजून दोघंतिघं आल्ते. बद्रीनाथराव म्हणले, "इथं लक्ष द्यायला कोणी हाय का न्हाई?" मैमूना सिस्टर जेवायला गेलेल्या. मी एकटा. पोराचा हात धरून शीर शोधत होतो, यावेळी चुकायचं न्हाई एवढंच डोक्यात.

आकांक्षा गर्दीतून बाहेर सरकली ती मदीहाच्या खाटेपाशी. तिथून म्हणली, "अहो, हे लेकरू सकाळपासून रडलं न्हाई."

मी म्हणलो, "तुम्ही तुमचं बघा."

असंच म्हणलो. हेच शब्द. ती सुईकडं बघणाऱ्या सगळ्यांसमोर मला शिकवून राह्यली असं वाटलं. तिच्या बापाचा राग तिच्यावर काढला.

मदीहाचा आवाज ऐकू आला, "आज अच्छी सोई है बाजी. बिलकुल तंग नै करी." समाधानानं म्हणत होती बिचारी.

सुई बसली. पट्टी गुंडाळत होतो. आकांक्षा परत आली. आता अगदी माझ्याजवळ येऊन, हळू आवाजात — "तुम्हीच म्हणला होता, गप पडलं तर भ्यायचं. तिचे पाय बर्फासारखे आहेत."

मंग मी गेलो.

दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. तोंड राखाडी. तळपायावर टिचकी मारली, पाय ओढला न्हाई. परत मारली. डोळे उघडले न्हाईत. छातीवर बोट दाबून सोडलं, पांढरा डाग तसाच, रक्त परत येईना. श्वास येत होता, थांबत होता, परत येत होता. मी मॅडमना हाक मारली. इतक्या मोठ्यानं मी त्या वॉर्डात कधी बोललो न्हाई.

मॅडम धावत आल्या. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, साखर पार तळाला. हातात शीर दिसेना, डोक्यावर दिसली, सुई पहिल्या टोचण्यात बसली. साखरेचं पाणी दिलं, पिशवीनं श्वास दिला, गरम दिव्याखाली घेतलं. मैमूना सिस्टर तोंडातला घास तसाच ठेवून आल्या होत्या. रक्तात जंतू पसरलेत, मॅडम म्हणल्या. एवढ्या लहान लेकरात कधी कधी ताप येतच न्हाई, उलट अंग गार पडतं, म्हणून कळत न्हाई. मला कळायला पाहिजे होतं. पोरींना मीच शिकवतो.

थोडा रंग आला. मॅडमनी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. गाडी आली. मदीहा अनवाणीच निघाली, मी तिच्या चपला घेऊन खाली धावलो तोवर गाडी वळली होती.

वर आलो तर बद्रीनाथराव आकांक्षाला रागावत होते. "आपलं लेकरू इथं तळमळून राह्यलं आणि तू लोकांच्या खाटेवर?" गोजरबाई म्हणली, "कशाला शिवायचं दुसऱ्याच्या दुखण्याला? तिथलं दुखणं इथं घेऊन येशील." आकांक्षा खाली बघून लेकराचे कपडे घडी करत होती.

मी काही बोललो न्हाई. बोलायला पाहिजे होतं. सगळ्यांदेखत म्हणायला पाहिजे होतं की या पोरीनं ओळखलं, मी न्हाई.

२१ ऑगस्ट

अर्पिताचं पोरगं आज वाटीतलं वरण खाऊन हसलं. ऑक्सिजन काढला.

मी जिन्यात उभा होतो. आकांक्षा पाणी भरून वर येत होती. थांबली. म्हणली, "त्या मुलीचं काही कळलं?"

"न्हाई. मशीनवर ठेवलंय म्हणतात."

"मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच बघितलं असतं, तर?"

रागानं विचारलं असतं तर मी भांडलो असतो. तिनं खरंच माहिती पाहिजे म्हणून विचारलं.

म्हणलो, "तेवढ्या थोड्या वेळानं फरक पडला असता का, ते सांगता येत न्हाई. सकाळी बघायला पाहिजे होतं. सकाळी बघितलं असतं तर... कदाचित."

"सकाळी कोण बघणार होतं?"

"मी."

ती बाटल्या घेऊन वर गेली. मला वाटलं आता ही माझ्याशी कधी बोलणार न्हाई. आणि बराबरच आहे.

२२ ऑगस्ट

पोळा. बद्रीनाथरावांना बैलासाठी घरी जायची घाई, म्हणून मॅडमनी दुपारीच सुटी दिली. जाताना पेढ्याचा पुडा घेऊन आले. आधी मॅडमना, मंग सिस्टरना, मंग माझ्यापुढं धरला. पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले — "झालं गेलं मनात ठेवू नका."

मी पेढा घेतला. खाल्ला पण. त्यांच्यासमोर न्हाई म्हणायची हिंमत झाली न्हाई, का भूक होती, मला माहीत न्हाई.

घरी आईनं मातीची बैलजोडी पुजली होती. गूळ-पुरीचा नैवेद्य. ताटावरून उठलो.

२३ ऑगस्ट

रिजवान आला होता. मदीहाचा नवरा. गुजरातहून थेट संभाजीनगरला गेलेला, तिथून इथं. काल दुपारी मुलगी गेली.

दुपारी. म्हणजे मी पेढा खात होतो.

भांडायला आलाय असं वाटलं. मी तयार होतो, मारलं असतं तरी चाललं असतं. पण तो खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांत घालून. मैमूना सिस्टरनी पाणी दिलं. तो म्हणला, "भाई, वो लडकी कौन थी? मदीहा बोली, एक लडकी ने पहले देखा. बाकी सब उधर थे."

मी म्हणलो, दुसऱ्या पेशंटची नातेवाईक होती. गेली.

"उसको बोलना, अल्ला उसका भला करे."

मी चपला आणून दिल्या. त्यानं पिशवीत घातल्या आणि निघाला. मी खालपर्यंत सोडायला गेलो. "बाकी सब उधर थे" — त्यानं मला उद्देशून म्हणलं नव्हतं. म्हणूनच लागलं.

३० ऑगस्ट

गणपती बसलेत, रस्त्यावर डीजे. वॉर्डातली लेकरं दचकून उठतात.

मॅडम त्या मुलीचा विषय काढत न्हाईत. मी काढला. म्हणलं, त्या दिवशी खिडकीच्या खाटेच्या नादात... मॅडम कागदावर सही करत होत्या. म्हणल्या, "सकाळी मीही बघितलं होतं, सोमेश्वर. मलाही चांगलं वाटलं होतं." आणि दुसऱ्या कागदावर सही केली. मंग चष्मा काढून पुसला.

मी रोज आधी गप पडलेल्या लेकरांपासून सुरू करतो. त्यांना उठवतो. आया चिडतात, आत्ताच झोपलं होतं म्हणतात. चिडू देत. मैमूना सिस्टर म्हणल्या, "तू बदला घेऊन राह्यला का बाबा झोपेचा?" मंग थोड्या वेळानं म्हणल्या, "मलाबी झालं होतं असं. नवीन होते. एक पोरगा होता." आणि सलाईनच्या बाटल्या मोजायला लागल्या.

१४ सप्टेंबर

पुंजाराम मामांचा फोन. आवाजातच लाडू फुटत होते.

"सोमेश्वर, बद्रीनाथराव तयार झाले!"

मी म्हणलो, कशाला?

"अरे लग्नाला. आकांक्षासाठी. स्वतःहून निरोप धाडलाय. दवाखान्यात तुझं काम पाह्यलं म्हणतात. डॉक्टरीण बाई तुला विचारल्याशिवाय पान हलवत न्हाईत म्हणतात."

मी विचारलं, अजून काय म्हणले? मामा भोळे. बोलून गेले — "म्हणले, पुढं घरात लेकरंबाळं होतील, दुखलं खुपलं तर जालन्यात आपला माणूस असलेला बरा. नंबर लावावा लागत न्हाई."

म्हणजे जावई न्हाई. वशिला. दुपटे बदलणारा आता कामाचा झाला.

म्हणलं, विचार करून सांगतो. हे वाक्य तोंडात इतकं गोड लागलं की दोनदा म्हणलो. जुलैत मी वाट बघत होतो, आता त्यांनी बघावी. राहू देत चार दिवस टांगून.

आईला सांगितलं. आई देवापुढं जाऊन बसली.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा झाला, दवाखान्यात जिलेबी वाटली. मी कोणाला काही सांगितलं न्हाई, तरी मैमूना सिस्टर म्हणल्या, आज चेहरा उजळलाय.

हो म्हणणार आहे. बद्रीनाथरावांसाठी न्हाई. मला ती पाहिजे. जिन्यात ज्या आवाजात तिनं विचारलं, त्या आवाजासाठी पाहिजे. दिवाळीनंतरची तारीख काढू म्हणतात मामा. आई आतापासून साड्यांचं बोलायला लागलीय. घरात कितीतरी दिवसांनी कोणी गुणगुणलं.

१८ सप्टेंबर

दुपारी डबा उघडला आणि फोन आला. अनोळखी नंबर.

"मी आकांक्षा. जाफराबादहून."

मला वाटलं लाजून काही बोलेल. ती सरळ म्हणली, "तुम्ही अजून काही कळवलं न्हाई ना?"

"उद्या कळवणार."

"काय?"

"हो म्हणणार आहे."

तिकडं कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढाच आवाज. मंग ती म्हणली, "हो म्हणू नका."

मी काही बोललो न्हाई. तीच बोलत गेली. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. जीएनएम. जालन्यातच. बारावीचे मार्क होते, दवाखान्यातून गेली त्याच आठवड्यात अर्ज केला. आईनं साथ दिली. बद्रीनाथराव आधी भडकले, मंग म्हणले — हे स्थळ जमलं तर लग्न, न्हाई जमलं तर यंदा शिकायला पाठवतो. ते म्हणले ते या खात्रीनं, की मी हो म्हणणारच.

म्हणलं, "मंग लग्न करून शिका. मी नर्स आहे, मी कसा आडवा येईन?"

"अर्पिताताईला पण असंच म्हणले होते. ती डीएड करणार होती."

"मी तसा न्हाई."

"तुम्ही नसाल. पण बाबा आत्ताच म्हणतात, एका घरात एक नर्स बास."

"मंग तुम्हीच न्हाई म्हणा."

"म्हणून बघितलं. पोरीचं न्हाई कोण ऐकतं? तुम्ही म्हणलात तर ऐकतील."

"गावात म्हणतील, पोरगी नापसंत केली. ते पण एका..." मी थांबलो.

"म्हणू द्या."

मला सहन झालं न्हाई. म्हणलो, आधी तुमच्या बापानं मला हाकललं, आता तुम्ही हाकलून राह्यल्या, आणि वरून नकार पण मीच द्यायचा? मी काय सगळ्यांचे दुपटे उचलायलाच आहे?

ती म्हणली, "मी तुम्हाला वाईट म्हणत न्हाई. ती मुलगी गेली हे मला रिजवानभाईंकडून कळलं. अर्पिताताईनं मदीहाचा नंबर घेतला होता, लावला तर त्यांनी उचलला. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत न्हाई. मला ते शिकायचंय. सकाळी कोण बघणार, ते."

मी फोन कापला.

डबा तसाच परत आणला.

१९ सप्टेंबर

मामांचा फोन उचलला न्हाई. दोनदा आला.

मी का म्हणून? सगळ्या गावाला सोय पाहिजे माझी. बापाला वशिला पाहिजे, लेकीला नकार पाहिजे. मला काय पाहिजे ते कोणी विचारत न्हाई. हो म्हणून टाकतो. लग्न करतो. करू देत काय करायचं ते. नंतर समजेल तिला मी कसा आहे ते.

२० सप्टेंबर

आई भाकरी करत होती. मी सहज विचारलं, "आई, समजा सून म्हणली मला शिकायचंय, तर?"

आई म्हणली, "शिकू दे की. मी कुठं न्हाई म्हणते? एखादं लेकरू झालं, घर सांभाळता यायला लागलं, की मंग खुशाल शिकंल." आणि माझ्याकडं बघून हसली. इतक्या मायेनं म्हणली.

नंतर खाटेवर पडून आठवून पाह्यलं. चौदा तारखेपासून डोळ्यांपुढं जे जे आणलं — मी ड्युटीवरून येतो, ती दार उघडते, ताट वाढते, आज कोणतं लेकरू आलं ते विचारते, मी सांगतो, ती ऐकते. सगळं घरातलं. एकदाही मी तिला ड्युटीवरून येताना पाह्यलं न्हाई. पांढऱ्या कपड्यांत पाह्यलं न्हाई.

आणि म्हणलो, मी तसा न्हाई.

२१ सप्टेंबर

सकाळी पुंजाराम मामांना फोन लावला. म्हणलो, मुलगी मला पसंत न्हाई, तसं कळवून टाका. मामा म्हणले, "त्या बापानं एकदा काय न्हाई म्हणलं, त्याचा तू एवढा सूड घ्यायचा, सोमेश्वर? त्या पोरीवर?"

मी म्हणलो, हो. घेतला.